अक्काची बसफुगडी

माझी मोठी बहीण अकरा वर्षं पंचमीला माहेरी राहिली नाही. त्या अकरा वर्षांत तिनं दिलेली कारणं मला पाठ आहेत, कारण ती आईपर्यंत माझ्यामार्फत पोचायची. म्हैस आज-उद्या व्यायची आहे. दाजींची साखर वाढली आहे. दुकानात माल उतरायचा आहे. सून नवी आहे, तिला एकटीला जमायचं नाही. एका वर्षी अक्कानं चुकून तीच म्हैस चार महिन्यांत दुसऱ्यांदा व्यायला लावली. तेव्हा आई फोनवर एवढंच म्हणाली, "त्या म्हशीला म्हणावं, तू तरी ये."

धाराशिव जिल्ह्याच्या वाशी तालुक्यातल्या आमच्या गावात नागपंचमी हा लेकींचा सण आहे. दिवाळीला लेक आली नाही तर घर विचारतं, पंचमीला आली नाही तर गाव विचारतं. भाऊ मुराळी होऊन बहिणीला आणायला जातो. लेकी चार दिवस राहतात, वारुळाला जातात, लिंबाला बांधलेल्या झोक्यावर बसतात आणि मारुतीच्या पारापुढं फेर धरून खेळतात. अक्काचा खेळ बसफुगडी. दोघींनी समोरासमोर उकिडवं बसायचं, एकमेकींचे हात धरायचे आणि चवड्यांवर उड्या घेत आळीपाळीनं एकेक पाय पुढं फेकायचा. धडधाकट बाईही थोड्या वेळात मागं कलंडते. अक्का कलंडायची नाही. समोरच्या तीन बायका दमून उठायच्या, चौथी बसायची, अक्का तिथंच. लग्नाआधी आणि नंतरही बरीच वर्षं तिची पहिली जोडीदार मी असायचे. पहिली, म्हणजे सर्वांत आधी उठणारी.

पुढं मी धाराशिवला एका दैनिकाच्या जिल्हा कार्यालयात लागले. दुसऱ्यांनी पाठवलेल्या बातम्या तपासायच्या, कोण, कुठं, कधी, का हे सगळं आलंय का ते बघायचं, हे माझं काम. सणाच्या दिवशी सुट्टी मिळेलच असं नसायचं, त्यामुळं माझंही पंचमीला जाणं सुटत गेलं. अक्का का जात नाही, हे मी तिला विचारलं नाही. ती सांगायची ते कारण मी आईला कळवत राहिले.

तीन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात मी कळंबला तिच्याकडं दोन दिवस गेले होते. पुढं धान्याचं दुकान आणि मागं घर, अशी तिची जागा. मागच्या पडवीत अक्का येसराचं साहित्य भाजत होती. येसर म्हणजे आमच्याकडचा आमटीत घालायचा भाजका मसाला, तो वर्षाचा एकदाच करून ठेवतात. शेवटी तेलावर मिरच्या टाकल्या आणि पडवीत धूर कोंडला. मला शिंका आल्या. अक्काला ठसका लागला. ती झटकन उठली, पायावर पाय आवळून भिंतीला धरून उभी राहिली आणि खोकली. मग तिनं शेजारचा तांब्या पायानं लवंडला.

"सांडला बघ तांब्या," ती म्हणाली आणि फडकं आणायला वळली.

घटनांचा क्रम लक्षात ठेवायची मला सवय आहे.

"अक्का, तांब्या नंतर सांडला."

"काय?"

"आधी फरशी ओली झाली. मग तांब्या."

तिनं माझ्याकडं बघितलं. मग गॅस बारीक करून म्हणाली, "छाप आता पेपरात."

फरशी पुसून झाल्यावर तिनं सांगितलं. सांगताना ती मिरच्या हलवत होती, माझ्याकडं बघत नव्हती. धाकट्याच्या बाळंतपणानंतर सुरू झालं. आधी फक्त मोठ्या शिंकेला. चाळिशी उलटल्यावर खोकला, हसणं, पोतं सरकवणं, एसटीचा दणका, कशानंही. लघवी लागल्याची जाणीवच व्हायची नाही, दणका बसला की सुटायची. ती गडद रंगाचीच लुगडी घ्यायला लागली होती. जुन्या धोतराच्या घड्या करून वापरत होती. कुठं जायचं असलं की सकाळपासून पाणी प्यायची नाही.

"हसायचंबी सोडलं म्या," ती म्हणाली. "तुला वाटलं असंल, अक्का लई गंभीर झाली."

मला तसं वाटलं होतं.

"आणि पंचमी?"

अकरा वर्षांपूर्वी, ती शेवटची राहायला गेली तेव्हा, पारापुढं बसफुगडी चालू होती. आठ-दहा उड्या झाल्या आणि खालची माती ओली झाली. एक पोरगी ओरडली, "इथं कुणी पाणी सांडलं गं?" अक्का उठत म्हणाली, "व्हय, माझाच तांब्या सांडला." पारापुढं तांब्या नव्हता. त्याच दिवशी दुपारच्या गाडीनं ती कळंबला परतली आणि आईला सांगितलं की दाजींचा फोन आला होता.

"मग दवाखान्यात का नाही गेलीस?"

"शेजारणी म्हणत्यात पिशवी काढून टाक. गल्लीतल्या चौघींनी काढल्या. त्यांचं काय राहिलं? दोघींचं अजूनबी सुटतंय." तिनं उलथनं कढईच्या काठावर आपटलं. "मला कापून घ्यायचं न्हाई. पण एकदा... एकदा मला पंचमीला जायचंय गं. चार दिस राहायचंय. आई हाय तवर."

आईला तेव्हा ऐंशी पूर्ण होऊन गेली होती.

पंधरा दिवसांनी ती धाराशिवला माझ्याकडं आली. मी ओळखीतून एका स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंची वेळ घेतली होती. त्यांनी लघवी तपासून घेतली, आत तपासलं, खोकायला सांगितलं. संसर्ग नव्हता, पिशवी जागेवर होती. "पिशवीचा काही संबंध नाही," त्या म्हणाल्या, "आणि लगेच शस्त्रक्रियेचाही नाही. आधी व्यायाम. निदान तीन महिने." आणि वरच्या मजल्यावरच्या फिजिओथेरपिस्टकडं चिठ्ठी दिली. जिना चढताना अक्का माझ्या कानात म्हणाली, "व्यायाम? आता ह्या वयात तालमीत जाऊ का?"

फिजिओथेरपिस्ट तिशीची असेल. दार लावून घेतलं, पंखा लावला, अक्काला पाणी दिलं. अक्कानं ग्लास तसाच ठेवला. ती बाई म्हणाली, "प्या मावशी, बाथरूम इथंच शेजारी आहे. पाणी कमी प्यायलं की लघवी जळजळीत होते, त्रास वाढतो." मग तिनं कागदावर आकृती काढायला घेतली, अक्काचा चेहरा बघितला आणि कागद बाजूला ठेवला.

"लेकरं झोळीत टाकली होती का तुम्ही?"

"शेतात तर काय, बाभळीला झोळीच की."

"तशीच एक झोळी आपल्या पोटाच्या तळाला असते. पुढच्या हाडापासून मागच्या माकडहाडापर्यंत बांधलेली. मांसाची. लघवीची थैली, पिशवी, सगळं तिच्यावर टेकलेलं. बाळंतपणात ती ताणते. पुढं वय वाढतं, ओझी उचलणं चालूच राहतं, ती सैल पडते. मग खोकला आला की वरून दाब येतो आणि झोळी तो पेलत नाही."

"म्हंजी दोऱ्या आवळायच्या."

"बरोबर. फक्त त्या आतून आवळायच्या."

तिनं कसं ते सांगितलं. वारा सरायला लागल्यावर चारचौघांत आपण जसा तो अडवतो, तसं मागून आवळायचं, मग लघवी अडवल्यासारखं पुढून, आणि सगळं वर उचलायचं. मांड्या सैल, ढुंगण सैल, पोट सैल, श्वास चालू. खाली जोर लावायचा नाही, वर ओढायचं. लघवी करताना मधेच थांबवून सराव करायचा नाही. अक्काची परवानगी घेऊन, हातमोजा घालून तिनं आत बोट ठेवून तपासलं. मी पडद्याच्या बाहेर होते. आतून आवाज येत होते.

"आता आवळा. ही मांडी. मांडी नको."

"मग काय राहिलं?"

"आता... हां. हेच. हेच मावशी. आलं बघा."

"एवढंसंच? मुंगी चावल्यावानी?"

"एवढ्यापासूनच सुरू होतं."

बाहेर आल्यावर बाईनं नीट समजावलं. आवळून पाच मोजेपर्यंत धरायचं, मग सोडून दहा मोजेपर्यंत थांबायचं. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. त्याशिवाय दहा झटपट आवळण्या. आणि खोकला, शिंक येणार वाटलं की आधी आवळायचं, मग खोकायचं. एक वही दिली. जितक्यांदा सुटेल तितक्या काड्या मारायच्या.

"बसून, उभं राहून, कुठंही करता येतं. शेजारच्याला कळत नाही."

"मग भजनात करते," अक्का म्हणाली. "तिथं तीन तास नुसतं बसायचंच असतंय."

बाईनं विचारलं, बरं होऊन नक्की काय करायचंय. बहुतेक जणी प्रवास म्हणतात, लग्नाकार्यात बसणं म्हणतात, असं तिनं नंतर मला सांगितलं. अक्का म्हणाली, "बसफुगडी." बाईला खेळ माहीत होता. तिनं कॅलेंडरकडं पाहिलं. पंचमीला बारा आठवडे होते. "बघू," ती म्हणाली. "उड्या सगळ्यात शेवटी येतात."

अक्का कळंबला गेली आणि रोज तीनदा व्यायाम करायला लागली. यात मला शंका नाही. सून म्हणायची, आत्या दुपारी दार लावून बसतात आणि लाल होऊन बाहेर येतात. दर दोन दिवसांनी मी फोन करायचे.

"कसं आहे?"

"करायलेय."

तिसऱ्या आठवड्यात ती म्हणाली, "मांड्या धरल्यात. कंबर दुखतीय." चौथ्या आठवड्यात म्हणाली, "आधी दिवसाला चार काड्या होत्या, आता सात झाल्यात. तुझ्या त्या बाईला सांग, झोळीच्या दोऱ्या तुटल्या. म्या आता येत न्हाई." मग म्हणाली, "आईला सांग, म्हैस—"

"म्हशीचं नाव काढू नको. उद्याची गाडी धर."

ती आली, ती भांडायला आल्यासारखी. फिजिओथेरपिस्टनं वही बघितली. अक्काच्या काड्या सरळ, सारख्या उंचीच्या, पाचव्या काडीला आडवा छेद. दुकानातली सवय. बाईनं दोन-तीन प्रश्न विचारले आणि उत्तरं बरोबर आली. मग म्हणाली, "माझ्यासमोर एकदा करा. आणि मोठ्यानं मोजा."

अक्का खुर्चीत ताठ बसली. दोन्ही हात गुडघ्यांवर. श्वास घेतला आणि सुरू केलं.

"लाभ. लाभ, लाभ, लाभ, लाभ, लाभ, लाभ. दोन. दोन, दोन, दोन, दोन..."

मी घड्याळ बघितलं. पाचापर्यंत यायला तिला चाळीस सेकंदं लागली. तीनच्या पुढं तिचा आवाज घशातून यायला लागला, चारला मानेच्या शिरा तटतटल्या, मांड्या थरथरायला लागल्या. पाच म्हणताना तिचा श्वास पूर्ण अडकलेला होता.

बाई बावचळली होती. "मावशी, हे लाभ काय?"

अक्कानं धाप टाकत तिच्याकडं असं बघितलं की जणू तिनं सूर्य काय असतो ते विचारलं. "मापाचं पहिलं. मापात एक म्हणत न्हाईत, लाभ म्हणत्यात."

"आणि तेच तेच परत?"

"पायली भरायला येळ लागतोय का न्हाई? भरून, ओतून, दुसरी भरस्तोवर तोच आकडा तोंडात ठेवायचा. न्हाईतर हिसाब चुकतोय. दोन म्हणलं आणि कुणी हाक मारली, तर तीन झाली का दोनच, कसं कळावं?"

बाई हळूहळू म्हणाली, "म्हणजे तुम्ही पाच आकडे धरत नव्हता. पाच पायल्या धरत होता."

"तुम्हीच म्हणलात, पाच मोजा."

कुणी दहा सेकंदं धरलं तरी पुष्कळ झालं, असं बाईनं सांगितलं. चाळीस सेकंदं ते स्नायू धरूच शकत नाहीत. ते दमून केव्हाच सुटत होते, पुढचा सगळा वेळ अक्का मांड्या आवळून, श्वास कोंडून, वर ओढायच्या ऐवजी खाली जोर लावत होती. दिवसातून तीस वेळा, चार आठवडे. ज्या दाबानं लघवी सुटत होती, तोच दाब ती नेमानं देत होती.

"हे मी पहिल्याच दिवशी ऐकून घ्यायला हवं होतं," बाई म्हणाली.

चूक तिची एकटीची नव्हती. त्या मोजणीत मीही वाढले आहे. सुगीला घरच्या ज्वारीचं माप होताना वडिलांच्या शेजारी पोत्याचं तोंड धरून मी उभी राहिले आहे. बत्तीस वर्षं धान्य मोजणाऱ्या बाईला कुणी 'पाच मोजा' म्हटलं की ती कसं मोजेल, हे त्या खोलीत ज्या एका माणसाला सुचायला हवं होतं ती मी होते. मी पडद्याबाहेर बसून ऐकलं होतं आणि मला ते पूर्ण, स्पष्ट वाटलं होतं.

अक्का एकदम हसायला लागली. बऱ्याच वर्षांनी मी तिला असं हसताना बघितलं. "पाच पायल्या!" ती म्हणाली. "बाई गं, पोतंच भरत आलं की माझं." मग तिनं पोट धरलं, चेहरा बदलला, आणि बाईनं न बोलता बाथरूमचं दार दाखवलं.

ती परत आल्यावर आकडे बाजूला ठेवायचं ठरलं. बाई म्हणाली, श्वास सोडत आवळायचं, म्हणजे कोंडणारच नाही. तोंडानं हळू फुंकर घातल्यासारखं.

"फुगडीत करतात तसं? फू, फू?"

"करून दाखवा."

फुगडी खेळताना बायका तालावर तोंडानं फू-फू असा आवाज काढतात. अक्कानं खुर्चीत बसल्या बसल्या काढला. पाच वेळा. मी घड्याळ बघितलं. सहा सेकंदं. मांड्या हलल्या नाहीत.

"हेच," बाई म्हणाली. "पाच फू धरा आणि सोडा. मग नुसतं बसा."

पंचमीला आठ आठवडे राहिले होते.

पुढच्या आठवड्यांबद्दल सांगण्यासारखं थोडं आहे. असल्या उपचारात घडतं ते दिसत नाही. अक्का दर दोन आठवड्यांनी कळंबहून यायची, तपासून घ्यायची, माझ्याकडं जेवायची, संध्याकाळच्या गाडीनं जायची. पाचाचे सात फू झाले, मग दहा. आधी निजून, मग बसून, मग उभं राहून, मग वाकून पायली भरताना. बद्धकोष्ठ होऊ नये म्हणून सकाळी दोन तांबे पाणी. पोतं एकटीनं ओढायचं नाही, हे सुनेला सांगावं लागलं, म्हणजे का ते सांगावं लागलं. सुनेनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आत्या, मलाबी शिंकताना होतंय. मला वाटलं, सगळ्यांनाच होत असंल." तेव्हापासून दुपारी दार लावून दोघी बसायला लागल्या.

वहीतल्या काड्या विरळ होत गेल्या. सातव्या आठवड्यात एका पूर्ण पानावर तीन होत्या. एका दुपारी अक्का माझ्या स्वयंपाकघरात फोडणी देत असताना तिला ठसका लागला. तिनं खोकायच्या आधी एक क्षण घेतला. तो क्षण मला दिसला. मग ती मोकळी खोकली आणि खाली बघितलं. फरशी कोरडी होती. तिनं कढईवर झाकण ठेवलं आणि परत एकदा मुद्दाम खोकून बघितलं.

पंचमीच्या आधीच्या तपासणीला बाई स्पष्ट बोलली. "चालणं, ओझं, खोकला, एसटी, एवढं झालं. उड्यांना अजून चार आठवडे तरी द्या. यंदा माहेरी जा, उभी फुगडी घाला, हळू. बसफुगडी पुढच्या वर्षी."

"तो महिना वाया गेला नसता तर झालं असतं?"

"कदाचित."

"पंचमी चार आठवडे फुडं ढकलता येती का, बघा की," अक्का म्हणाली. पण हसली नाही.

त्या वर्षी मी रजा टाकली. भाऊ मोटरसायकलवर कळंबला गेला. दर वर्षी तो चहा पिऊन एकटा परत यायचा. आता अक्का पिशवी घेऊन दारात उभी होती, तर तो म्हणाला, "खरंच येतीस? म्हैस?" अक्कानं सांगितलं, "विकली." म्हैस विकलेली नव्हती. वाशीपर्यंतच्या रस्त्यावर जितके गतिरोधक आहेत तितक्यांदा तिनं त्याच्या पाठीमागं फू केलं, आणि तो समजला तिला उकडतंय.

आईला डोळ्यांनी फारसं दिसत नव्हतं. तिनं अक्काचा चेहरा हातानं चाचपला, मग दंड, मग मनगटावरच्या नव्या बांगड्या मोजल्यासारख्या केल्या. "राहणार?" "चार दिस." आईनं पुन्हा विचारलं नाही.

पंचमीच्या दिवशी पुरणाची दिंडं खाऊन, वारुळाला लाह्या-दूध वाहून बायका पारापुढं जमल्या. पूर्वीपेक्षा कमी. बऱ्याच मुली पुण्याला, लातूरला. काही जणी नुसत्या मोबाइलवर चित्रण करत उभ्या. आईला आम्ही पाराच्या कडेला बसवलं. अक्कानं माझ्यापुढं हात केले. आम्ही पाय जुळवले, मागं झुकलो आणि उभी फुगडी धरली. तिच्या तोंडाचा फू-फू आवाज सुरू झाला. बारा-पंधरा गिरक्यांनंतर मलाच दम लागला.

"सोड मग," ती म्हणाली आणि वहिनीचे हात धरले.

मी आईजवळ जाऊन उभी राहिले.

"कोण खेळतंय?" आईनं विचारलं.

"अक्का."

"खोटं."

"खरंच. ऐक."

आई मान तिरकी करून ऐकत राहिली.

मग पोरींनी बसफुगडी मांडली. त्यांना नीट येत नव्हती, बसताच कलंडत होत्या आणि खिदळत होत्या. अक्का त्यांच्यापाशी उभी राहून सांगायला लागली. टाच टेकवू नका. मनगटं धरा, बोटं न्हाई. नजर तिच्या कपाळावर ठेव, खाली नको. तिचे स्वतःचे गुडघे थोडे वाकत होते आणि परत सरळ होत होते.

आई तिकडून म्हणाली, "सांगायलीस काय नुसतं? तूच बस की."

"फुडल्या साली, आई."

"फुडल्या सालचं मला सांगू नको."

अक्कानं माझ्याकडं बघितलं. बाईनं काय सांगितलं होतं ते आम्हा दोघींना माहीत होतं. ती उकिडवी बसली, वहिनी समोर बसली. वहिनी म्हणाली, "वन्सं, सावकाश हं, माझं वजन वाढलंय." अक्कानं एक श्वास सोडला आणि पहिला पाय फेकला.

मी मोजल्या. अकरा उड्या झाल्या. पाठ ताठ, नजर वहिनीच्या कपाळावर, टाच एकदाही टेकली नाही. बाराव्याला ती थांबली, वहिनीचे हात सोडले आणि उठली. पोरी ओरडल्या, "अजून, आत्या, अजून." "बास," ती म्हणाली आणि घराकडं चालायला लागली. भरभर नाही. नेहमीच्या चालीनं.

दुपारची गाडी पाराजवळच थांबते. मी तिकडं बघत उभी राहिले. दहा मिनिटांनी अक्का परत आली. अंगावर दुसरं लुगडं होतं. ती येऊन आईशेजारी पारावर टेकली. आईनं सवयीनं तिच्या मांडीवर हात ठेवला आणि कापड बोटात धरलं.

"हे लुगडं सकाळचं न्हवं."

"न्हाई."

"का बदललंस?"

"पाणी सुटलं, आई. उडी मारताना. लई वर्सं सुटतंय. आता कमी झालंय, पण आज जरासं सुटलं."

आईचा हात लुगड्यावरच होता. ती म्हणाली, "मला हिच्या टायमापासनं सुटतंय." तिनं मान माझ्या दिशेनं केली. हिच्या म्हणजे माझ्या जन्मापासून. सत्तेचाळीस वर्षं.

"कधी बोलली न्हाईस."

"कुणाला सांगू? तुला बसफुगडी शिकवली कुणी, म्याच न्हवं का. कोठीत दार लावून. बाहेर खेळायचं सोडलं, पण घरात तुझ्यासंगं दोन-चार उड्या मारायची. मग तेबी होईना."

पोरींपैकी दोघी एकाच वेळी कलंडल्या आणि सगळ्या हसल्या. आईही हसली, आणि हसता हसता तिनं गुडघे जुळवले. सत्तेचाळीस वर्षं ती तशीच हसत आली होती. मला वाटायचं, ती तिची लाजायची पद्धत आहे.

अक्का तिच्या कानाशी वाकून सांगायला लागली. मागून आवळ, मग पुढून, मग वर ओढ. फू कर.

"आता मला शिकून काय," आई म्हणाली, "फुगडी घालायचीय व्हय?"

"ठसका तरी येतोय न्हवं?"

आईनं फुंकर घातली. एकदा, मग परत.

अक्का चार दिवस राहिली. मी दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर आले. बऱ्याच वर्षांपूर्वी पंचमीच्या पुरवणीत मी एक लेख लिहिला होता. गावातल्या बायका खेळायच्या आणि आई पारावर सगळ्यांची लेकरं सांभाळत बसायची, असं त्यात आहे. तिला खेळाची आवड नव्हती, असंही एक वाक्य आहे. ते मी तिला न विचारता लिहिलं होतं.